निळ्या नकाशाचं आजोळ

मित्रांनो, आधी तो दरवाजा जरा लोटून घ्या पाहू. ऊन सरळ माझ्या अंगावर येतंय आणि उन्हानं माझा रंग उतरतो. हं, आता कसं! आता निवांत सांगतो.

मी एक नकाशा. वयानं जुना, कापडावर डकवलेला, अंगानं निळाशार आणि रेषांनी पांढरा. तापीकाठच्या एका गावात पाणी सोसायटीची कचेरी आहे, तिथे माझा मुक्काम. नदीवरच्या इंजिनघरापासून पार टोकाच्या केळीबागांपर्यंत जमिनीखालून सिमेंटचे पाइप गेले आहेत. ते कुठून वळले, कुठे किती खोल गेले, कुठे पाणी बंद-चालू करायची चावी बसवली, हे सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. माणसं जमिनीवरून चालतात, मी जमिनीखालचं सांगतो. आहे की नाही ऐट!

माझा खालचा उजवा कोपरा बघा. तिथे इंजिनघराजवळ वीतभर जागा बाकीच्या अंगापेक्षा गडद आहे आणि तिथल्या रेषा पावसात भिजल्यासारख्या फुगल्या आहेत. नवखा माणूस म्हणतो, "अरेरे, इथे खराब झाला." मी मनात हसतो. अख्ख्या अंगात मला तोच कोपरा सर्वांत आवडतो. का, ते ऐका.

माझा जन्म १९५८ सालचा, धुळ्याच्या एका कचेरीतला. छगनभाऊ नावाचे नकाशे काढणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं मूळ नकाशा काढला. मग दारं-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत एका कोऱ्या कागदाला दोन क्षारांचं पाणी लावलं. एक क्षार हिरवट, दुसरा लालभडक. दोन्हींत लोखंडाचा अंश. त्या हिरवट क्षारात आणखी एक गंमत असते, लिंबात जो आंबटपणा असतो ना, तोच त्यात मुरलेला असतो! म्हणजे लिंबू हे माझं आजोळ म्हणायला हरकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का.

कागद वाळला. त्यावर मूळ नकाशा ठेवून, वर काच दाबून, छगनभाऊंनी मला गच्चीवर उन्हात नेलं. जिथे ऊन लागलं तिथे माझ्यात काहीतरी हललं. जिथे काळी रेष आड आली तिथे काहीच झालं नाही. मग त्यांनी मला पाण्याच्या घमेल्यात बुडवलं. रेषांवरचे क्षार धुऊन गेले, रेषा पांढऱ्या झाल्या आणि बाकीचं अंग बघता बघता निळं झालं!

"पोरगा गोरा नाही झाला, पण देखणा झाला," छगनभाऊ म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

तो निळेपणा म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? ते कळलं पुढे अकरा वर्षांनी, कचेरीच्या ओट्यावर, आणि तेही भिजवलेल्या हरभऱ्यांमुळे. पण मध्यंतरीची वर्षंही सुखाचीच गेली, ती थोडक्यात सांगतो.

गावात आलो तेव्हा मला बघायला ही गर्दी! सोसायटीचे कारकून हिलालआप्पा मला दोन्ही हातांनी उंच धरून उभे राहिले. माझ्या रेषांवर बोट ठेवून चर खणले गेले, पाइप बसले आणि ज्या दिवशी इंजिनाचा पहिला ठोका पडून टोकाच्या शेतात पाणी पोचलं, त्या दिवशी लोकांनी इंजिनाला हार घातला तसा मलाही घातला. पुढे आप्पांनी मला दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. दोन उन्हाळ्यांत मी पार फिका पडलो. आप्पा हळहळले आणि पावसाळ्यात त्यांनी मला संदुकीत ठेवून दिलं. दिवाळीला बाहेर काढलं, तर मी पुन्हा निळा! आप्पा डोळे चोळत राहिले. अहो, त्यात जादू कसली? उन्हात दमलेला माझा रंग अंधारात, हवेत विसावा घेऊन परत येतो. मग त्यांनी मला आतल्या सावलीतल्या भिंतीवर जागा दिली.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. इंजिनाची व्हायची, पान्यांची व्हायची, माझीही व्हायची. पूजा करायच्या सिंधुबाई. त्या कचेरीशेजारी राहत, गावभर त्यांच्या उडदाच्या पापडांचं नाव होतं. त्या माझ्यावरचा इंजिनघराचा चौकोन बोटानं शोधायच्या आणि बरोब्बर त्याच्या बाजूला तेलात कालवलेलं हळद-कुंकू लावायच्या. दरवर्षी तिथेच. जुना टिळा पुसायचा नाही, अपशकुन होतो, म्हणून नवा त्यावरच. दहा वर्षांत तिथे भाकरीच्या चतकोराएवढा जाड थर बसला. मला वाटायचं, काय हा आपला मान! त्या मानाखाली कोणता आकडा झाकला जातोय, याचा विचार ना त्यांनी केला, ना आप्पांनी, ना मी.

आता रंजना. ती दहावीतली मुलगी, रोज सकाळच्या एस.टी.नं शहाद्याला शाळेत जायची. दुपारी परतीची गाडी कचेरीसमोर थांबायची. ती उतरायची ती थेट ओट्यावर. तिथे सिंधुबाई पापड लाटत असायच्या आणि रंजना त्यांना आज शाळेत काय शिकलो ते मोठमोठ्यानं सांगायची. कुणी ऐको न ऐको! एकोणसत्तर सालच्या फाल्गुनात एकदा ती घरून भिजवलेले हरभरे, पांढरे वाटाणे आणि खराट्याच्या काड्या घेऊन आली आणि काहीतरी जोडत बसली.

"व पोरी," सिंधुबाई म्हणाल्या, "उसळ करानी सोडीसनी हाऊ काय मांडव बांधी ऱ्हायनी?"

"मावशी, हाऊ आपला नकाशाना निया रंग शे!"

माझा निळा रंग? मी भिंतीवर कान टवकारले.

रंजनानं मग चुनीलाल सरांसारखा आवाज काढून सांगायला सुरुवात केली. सर शाळेत तिला विज्ञान शिकवायचे. हरभरा म्हणजे लोखंडाचा एक कण. त्याला सहा हात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. वाटाणा म्हणजे लोखंडाचाच दुसरा कण, त्यालाही सहा हात. मधली काडी म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची घट्ट जोडी. कार्बनचं टोक हरभऱ्याकडे, नायट्रोजनचं टोक वाटाण्याकडे. असा हरभरा, काडी, वाटाणा, काडी, पुन्हा हरभरा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दिशांना जोडत जायचं, की चौकोनी खोल्याच खोल्या तयार होतात.

"आणि हे संपतच नाही," रंजना म्हणाली. शाळेतलं सांगताना तिची भाषाही शाळेची व्हायची. "एकच घडण पुन्हा पुन्हा. धातू आणि त्याला धरून ठेवणारे हात, यांचं हे बहुवारिक. कपड्यांच्या निळीत, शाईत, दारांच्या रंगात हाच निळा वापरतात. सर म्हणाले, नुसतं लोखंडच नाही, निकेलच्याही अशा जाळ्या होतात आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत परके कण कोंडून ठेवता येतात. आपल्या निळ्याच्या खोल्यांत पाणी राहतं."

"पानी ऱ्हास?" सिंधुबाईंनी लाटणं थांबवलं. "मंग पानीना नकाशाले तोच रंग बेस शे!"

मित्रांनो, तुम्हाला आपलं आतलं रूप पहिल्यांदा कुणी सांगितलं तर कसं वाटेल? मी स्वतःला एक साधा कागद समजत होतो. आणि आत बघावं तर कोट्यवधी हातांनी एकमेकांना धरलेला, न संपणारा मांडव!

पण गाव तेव्हा आनंदात नव्हतं. आदल्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला होता. पूर ओसरला आणि इंजिनघराच्या सभोवार पुरुषभर गाळ साचला. पाइपातही गाळ बसला. हिवाळ्यात पाणी कसंबसं पोचायचं, फाल्गुनात टोकाच्या बागांना ते पोचेना. पाइप साफ करायचा तर गाळ सोडण्याची मोठी चावी उघडायला हवी. ती चावी इंजिनघराजवळच होती, पण साचलेल्या गाळाखाली. नेमकी कुठे?

प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. गावातले सर्वांत म्हातारे भिकनबाबा गाळाच्या एका ढिगावर बसून हुकूम सोडायचे.

"बाभूळना खाले शे. मी मन्हा डोयाघाई देखेल शे!"

"कोनती बाभूळ, बाबा?" खणणारे विचारायचे. "ती तं पूरमा व्हाई गई."

"मंग ती जठे व्हती तठे खंदा!"

सात खड्डे झाले. चावी नाही. सर्वांत शेवटची बाग रंजनाच्या घरची. केळीला घड लटकलेले आणि खाली जमीन तडकलेली. तिची आई जसोदाबाई रोज नदीवरून डोक्यावर हंडे आणून एकेका खोडाला पाणी घालायची. किती पुरणार? शेवटी घरात ठरलं, उद्यापासून रंजनाची शाळा बंद आणि हंडे सुरू. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. पण हंड्यांच्या भारानं दबलेली आईची मान रंजनानं पाहिली होती.

त्याच दिवशी सकाळी हिलालआप्पांना एकदाची माझी आठवण झाली. त्यांनी मला उतरवून ओट्यावरच्या बाजेवर पसरलं. इंजिनघर सापडलं. तिथून एक रेष निघाली आणि सरळ दहा वर्षांच्या टिळ्याखाली गडप झाली. आप्पांनी कोरड्या फडक्यानं पुसून पाहिलं. तेलकट थर तसूभर हलेना.

"थांब आप्पा," सिंधुबाई पुढे आल्या. पापडखार उकळून त्यांनी पाणी तयार ठेवलं होतं. "मन्हा खारनं पानी तेलना डाग बी काढस. मी लायेल टिळा, मीच पुसस."

केवढ्या मायेनं पुसलं त्यांनी! फडका खाराच्या पाण्यात बुडवायच्या आणि बाळाचं तोंड पुसावं तसा फिरवायच्या. थर निघाला. पण हळद आधी रक्तासारखी लाल झाली. आणि मला काय झालं म्हणून सांगू! माझे हात सुटायला लागले. हरभऱ्याचा वाटाण्यावरचा हात सुटला, मांडव कोसळला, निळा रंग विरला आणि त्या जागी उरला गंजासारखा पिवळट डाग. आकडा त्यातच बुडाला.

"माय वं! हाई काय व्हयनं?" सिंधुबाईंच्या हातातला फडका गळून पडला.

"व्हयनं काय!" आप्पांचा आवाज चढला. "दहा साल पूजा करी अन् एक फडकामा देव पुसी टाका!"

सिंधुबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. तळहात लाल, ओठ पांढरे. मला त्यांना सांगावंसं वाटलं, बाई, रडू नका, मला कळतंय तुम्ही काय करायला गेलात. पण नकाशाला वाचा कुठली!

आप्पांनी मला गुंडाळून उचललं आणि इंजिनाच्या हौदाकडे निघाले. "सोच्छ पानीमा बुडाडस. खार निंघी जाई, तं डाग बी निंघी जाई."

तेवढ्यात एस.टी. थांबली. रंजना उतरली. तिनं ओट्यावरच्या सिंधुबाई पाहिल्या, लाल झालेला फडका पाहिला, आप्पांच्या काखेतून बाहेर आलेला माझा पिवळा कोपरा पाहिला आणि दप्तर टाकून जी धावली!

"आप्पा, पानी नको! पानी नको लावा!"

तिनं माझं दुसरं टोक पकडलं. आप्पा इकडे ओढतात, ती तिकडे ओढते आणि मध्ये मी. मला वाटलं, आता मी दोन गावांचा नकाशा होणार!

"सोड, पोरी! शहादाले जाईसनी साहेबीन व्हई गई का तू?"

"आप्पा, ऐका तरी. खारानं फक्त हात सुटलेत. पण ज्यांचे हात सुटले ते सगळे अजून कागदातच आहेत, जागच्या जागी. तुम्ही पाणी घातलंत तर त्यातले अर्धे हौदात वाहून जातील. मग कुणी काही केलं तरी निळं होणार नाही. चुनीलाल सरांनी नळीत करून दाखवलंय. खारानं पिवळं झालं आणि वरून आम्ल टाकलं की परत निळं!"

"आम्ल कथाइन लयशी आते?"

"निंबू," रंजना म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "सरांनी लिंबू नव्हतं वापरलं. आणि कागदावर केलं नव्हतं. पण एक निंबू द्या, आप्पा. नही व्हयनं तं खुशाल बुडाडा, मी काही बोलनार नही."

आप्पांनी माझं टोक आणखी घट्ट धरलं. मागून सिंधुबाईंचा आवाज आला. त्या कधी उठून आल्या कुणाला कळलंच नव्हतं. त्यांच्या हातात चिरलेलं लिंबू होतं.

"खारघाई लाल व्हयेल हयद निंबूघाई पिवयी व्हस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपल्याच लाल तळहातावर लिंबू पिळलं. सगळ्यांसमोर तो तळहात पिवळा झाला. "हाई तं बठ्ठ्या बायास्ले माहीत शे, आप्पा. त्याले शाया नही लागत. हयद उलटी फिरस, तं निया बी फिरी."

आप्पांनी माझं टोक सोडलं.

मला पुन्हा बाजेवर पसरलं. रंजनानं कापसाचा बोळा केला, लिंबाच्या रसात टेकवला आणि डागाच्या अगदी कडेला, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे एकदाच टेकवला. घासला नाही.

आधी काहीच झालं नाही.

मग मला एक ओळखीचा आंबटपणा जाणवला. छगनभाऊंच्या अंधाऱ्या खोलीतला. माझ्या आजोळचा! सुटलेला एक हात चाचपडला, त्याला दुसरा सापडला, दुसऱ्याला तिसरा. आणि त्या गंजक्या पिवळ्या डागावर मुगाच्या दाण्याएवढा निळा ठिपका उमटला.

"फिरना!" भिकनबाबा ओरडले. ते कधी आले, देव जाणे. "मी सांगेलच व्हतं!"

"तुम्हीन तं बाभूळ सांगेल व्हती, बाबा," आप्पा म्हणाले आणि सगळा ओटा हसला.

पण रंजना हसली नाही. तिनं बोळा सिंधुबाईंच्या हातात दिला. "मावशी, तुन्हा हात हलका शे. आते तू लाव."

सिंधुबाई मागे सरकल्या. रंजनानं त्यांची बोटं बोळ्याभोवती मिटली. मग त्या बसल्या आणि पापडावर तेलाचं बोट फिरवावं इतक्या अलगद, थेंब थेंब, त्यांनी तो सगळा डाग टिपला. निळा परतला, जरा जास्तच गडद. रेषांत थोडा थोडा झिरपला, म्हणून त्या फुगल्या. पण मधोमध पांढरा आकडा उभा राहिला. रंजनानं वाचला, "इंजिनघराच्या ईशान्य कोपऱ्यापासून चाळीस फूट."

माझ्यावरच्या रेषेच्या दिशेनं दोरी धरून चाळीस फूट मोजले. ते बरोबर त्या ढिगावर आले, जिथे बसून भिकनबाबा तीन आठवडे सगळ्यांना जागा दाखवत होते आणि आताही सवयीनं जाऊन टेकले होते!

"उठा बाबा," आप्पा म्हणाले. "चावीवर बसेल शेतस तुम्ही."

साडेपाच फुटांवर फावडं खणकन वाजलं. तीन गड्यांनी मिळून चावी फिरवली. आधी नुसती फुरफुर, मग काळाकुट्ट गाळ धो धो नदीकडे सुटला. संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ आलं. चावी बंद झाली, इंजिन ठोके देऊ लागलं आणि दिवस मावळता मावळता टोकाच्या बागेतून जसोदाबाईंची हाक आली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण त्या हाकेतलं पाणी सगळ्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून बांधावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला रंजना होती. खिडकीतून तिनं कचेरीकडे बघून हात हलवला. आप्पांना वाटलं त्यांना. मला माहीत आहे, मला!

सिंधुबाई मात्र कितीतरी दिवस माझ्यासमोर यायला कचरत होत्या. पुढच्या खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा झाली, त्या दारातच उभ्या. आप्पा म्हणाले, "यं ना सिंधुबाई, तुन्हा देव वाट देखी ऱ्हायना."

त्या आल्या. हळद-कुंकवाची वाटी त्यांनी खाली ठेवली. माझ्या अंगाला बोटही लावलं नाही. पदराच्या गाठीतून एक पिवळंधमक लिंबू काढलं आणि माझ्यासमोर ठेवून हात जोडले.

तेव्हापासून दरवर्षी तसंच चालतं. इंजिनाला टिळा, मला लिंबू.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, पण त्या कशाच्या बनल्या आहेत हेही विचारा. मला ऊन नको, खार नको, सोडा नको, मानाचा टिळासुद्धा नको. सावलीतली एक भिंत मला पुष्कळ झाली. आणि कधी कुणाच्या हातून काही बिघडलंच, तर डाग धुवायची घाई करू नका. आधी बघा, सुटलेले हात अजून तिथेच आहेत का.

बरं, आता निघताना दरवाजा तसाच लोटलेला राहू द्या. आणि ते लिंबू हलवू नका हं, ते माझ्या आजोळचं आहे.